दोन साखरांचा ठिपका

“साहेब, हा ठिपका जिवाणूचा न्हाई. प्लास्टिकचा हाय,” मी चेअरमनसमोर प्लेट धरून म्हणालो. शेजारी संगीता उभी होती. प्लेट तिची होती.

दुष्काळी वर्ष होतं. आमच्या सहकारी संस्थेच्या लॅबमध्ये आम्ही खतासाठी नील-हरित जिवाणू वाढवायचो. हे उन्हावर स्वतःचं अन्न करतात आणि जमिनीला नत्र देतात. पण पिशवीत वाळले की बहुतेक मरतात. वाळूनही जगणारा एकच वाण पॅकिंगला जाणार होता. माझा मांजरसुंब्याच्या खडकावरचा, किंवा संगीताचा उमापूरच्या आटलेल्या तळ्यातला.

मी घरातला पहिला एम.एस्सी. संगीताही तिच्या घरातली पहिलीच, पण वयाने लहान, आणि चेअरमन तिला ‘मॅडम’ म्हणायचे. मला ‘अरे’. लई जळायचो मी.

पेशीचं आवरण म्हणजे तेलकट रेणूंचा दुहेरी पडदा. पाणी गेलं की पडदे एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा भिजताना फाटतात. डोक्यावर दोन साखरा असलेले रेणू भरपूर असले, तर पडदा टिकतो. क्लोरोफॉर्मने हे रेणू बाहेर काढून काचेच्या प्लेटवर चढवले की प्रत्येकाचा वेगळा ठिपका पडतो. दोन साखरांचा ठिपका संगीताच्या वाणात ठसठशीत होता. माझ्या वाणात फिकट.

पण तिने प्लास्टिकच्या ट्यूब वापरल्या होत्या, आणि क्लोरोफॉर्ममध्ये प्लास्टिक थोडं विरघळून त्याचाही ठिपका पडू शकतो. हे दिसलं तेव्हा मला आनंदच झाला.

“मग सर, तुमीच करा की पुन्हा,” संगीता म्हणाली. “कशापायी जळताव, ते तरी कळंल.”

चेअरमन हसले. “अरे, कर. तोवर पॅकिंग थांबवतो.”

मी सगळं काचेच्या भांड्यांत केलं. शेजारी नुसता क्लोरोफॉर्मही चालवला. तिथं काहीच उमटलं नाही. तिचा ठिपका जागेवरच. मग साखर ओळखणारा स्प्रे मारून प्लेट तापवली. प्लास्टिकला रंग येत नसतो. ठिपका जांभळाजर्द झाला. तरी मन मानेना, म्हणून दोन्ही वाण वाळवून भिजवले. तिचा हिरवागार झाला, माझा पिवळा पडला.

“काय निघालं?” चेअरमननी विचारलं.

“तिचाच वाण भरा.”

“सर,” संगीता म्हणाली, “एवढं तर मी बी तपासलं नव्हतं.”

पॅकिंग सुरू झालं. तिच्या रिपोर्टवर तपासनीस म्हणून माझी सही आहे. निकाल पक्का करायचा असेल, तर तो आपल्यावर जळणाऱ्याकडे द्यावा. मित्र वरवर बघून सही करतो.