डॉक्टर विचारत होते, तरी लेकीनं सांगितलं नाही

बायांनो, आत्ताच बीडहून घरी आलेय. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझी लेक कार्तिकी तिसरीत आहे. वर्षभरापासून तिचे पाय इतके दुखतात की उशीत तोंड खुपसून रडते. रिपोर्ट सगळे नॉर्मल. कुणी म्हणतं वाढीचं दुखणं, कुणी म्हणतं शाळा बुडवायचं नाटक.

आज मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. एसटीत वडवणीपासून मी तिचे पाय दाबत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं दुखतंय बाळा?"

ओठ दातांत धरून ती म्हणाली, "न्हाई दुखत."

डॉक्टर माझ्याकडंच बघायला लागले. गोळ्या दिल्या, निघालो. स्टँडवर मी चिडले, "खोटं कावून बोललीस गं?"

"खरं सांगितलं तर ते परत बोलवतील. तुझा टँकर बुडतो."

या दुष्काळात आमच्या वस्तीवर टँकर बाजाराच्या दिवशीच येतो. भांडी नंबरला लावतात, पण माणूस हजर नसला की त्याचं भांडं मागं सारतात. आज बाजारच होता, आणि मोठे डॉक्टरही त्याच वारी बसतात. पोरीला सगळं ठाऊक.

घरी आलो, तर शेजारच्या काकूंनी आमच्या नंबरला उभं राहून ड्रम काठोकाठ भरून वर फडकं बांधून ठेवलेला.

कार्तिकी ड्रमाला हात लावून उभी राहिली. मग तिनं जे विचारलं, त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच सांगा.

"आई, आता दुखतंय म्हणू का?"