सुनेनं केलेली शेवळं
काल खोपटच्या एसटी डेपोबाहेर एक बाई शेवळं विकायला बसलेली. ते जांभळे कोंब बघितले आणि सून घरात नवीन आलेली तेव्हाचा एक दिवस आठवला. मी घोडबंदरच्या मागच्या डोंगरावर चढून झुडपांतून शेवळं खुडून आणलेली, आणि त्यात घालायला काकडंही, म्हणजे काकड झाडाची आंबट, हिरवी फळं. ती घातली नाहीत तर घशाला खाज सुटते, हे आमच्यात सगळ्यांना माहीत. सून सातारकडची, तिला कोण सांगणार? तिनं काकडं लोणच्यासाठी बाजूला ठेवली आणि नुसते सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी, घालून भाजी केली. पहिल्याच घासाला माझ्या बहिणीनं ताट सरकवलं. "दादा, घशात सुया टोचतात रे. घाटावरची ती, तिला आपलं खाणं कधी जमायचं? फेकून दे." सून ओट्यापाशी मान खाली घालून उभी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "डोंगर मी चढलो, सूनही माझी. भाजी कुणी फेकायची नाही." टोपच पुढ्यात ओढला आणि खायला लागलो. घसा पेटलेला, डोळ्यांतून पाणी. सून हळूच म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मी म्हटलं, "अजून एक भाकरी टाक." टोप पुसून खाल्ला. आता बहीण आणि मी, दोघंही म्हातारे. तरी भेटली की विचारते, "खरं सांग दादा, खाजलेलं ना?" मी सांगतो, भाजी चांगली झालेली. मरेपर्यंत तेच सांगणार.