अण्णाच्या बंदुकीचा परवाना

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, काकतीच्या पलीकडं डोंगराच्या अंगाला शेती करायचा. त्यानंच शेतीच्या पैशावर मला शिकवलं. मी बेळगावात कचेरीत कारकून झालो, अनगोळात खोली घेतली. माझ्याकडं बंदुकांच्या परवान्यांचं काम होतं.

अण्णाकडं ठासणीची जुनी बंदूक होती. परवाना पीक राखणीचा. म्हणजे बंदूक आपल्या शिवाराबाहेर न्यायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही आणि दरवर्षी कागद नवा करून घ्यायचा. तो कागद तो बांबूच्या नळीत घालून आणायचा आणि माझ्यासमोर इतरांसारखाच रांगेत उभा राहायचा.

बेचाळीस साली चळवळ पेटली. तारा तुटू लागल्या, चावड्या जळू लागल्या. वरून हुकूम आला, सगळ्या बंदुका जमा करा. गावोगावच्या पाटलांना धाडायची पत्रं मीच लिहिली. अण्णाच्या गावचंही लिहिलं.

तो रविवारी माझ्या खोलीवर आला.

"रताळी भरायला लागल्यात. डुकरं लई झाल्यात. बंदूक फुटली म्हणून लिही की रं."

"फुटली तर तुकडे जमा करावे लागतात, अण्णा."

"मग हरवली म्हणून लिही."

"हरवली तर तुझ्यावर खटला होईल. आणि नोंदीखाली सही माझी असते."

तो जायला उठला. "व्हय, तुझी नोकरी हाय," एवढंच म्हणाला. खरं तर मला नोकरीपेक्षा हिंडलग्याच्या तुरुंगाची भीती जास्त होती. ते मी त्याला सांगितलं नाही.

दोन दिवसांनी त्यानं बंदूक आणून दिली. नळी पुसून, तेल लावून आणली होती. मी तिला नंबराची चिठ्ठी बांधली आणि पावती फाडून दिली.

दसऱ्यानंतर एका सकाळी त्याचा शेजारी धापा टाकत कचेरीत आला. पहाटे डुकरांचा कळप रताळ्यात शिरला होता. वहिनी डबा बडवत होत्या, तरी एक नर हलेना. अण्णा कुऱ्हाड घेऊन पुढं झाला आणि डुकरानं त्याची मांडी फाडली. बैलगाडीतून त्याला दवाखान्यात आणलं होतं.

मी धावत गेलो. तो शुद्धीवर होता. मला बघून म्हणाला, "जेवलास का?"

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगड्यावर रक्त वाळलं होतं. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भावजी, डुकरांनी बी रानात यायचं न्हाय, असं त्या हुकमात लिवलं न्हवतं व्हय?"

मी पाणी आणायला म्हणून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो.

पाय वाचला, पण गुडघ्यात वाकेना. पुढच्या वर्षी चळवळ निवली, बंदुका परत द्यायचा हुकूम आला. अण्णा काठी टेकत आला. बंदुकीची नळी गंजली होती, दस्त्याला बुरशी आली होती. "सुस्थितीत मिळाली" असा मजकूर छापलेला कागद मी त्याच्यापुढं ठेवला आणि हळूच म्हणालो, "सही करू नको. तक्रार लिहून देऊ."

"तक्रार लिवणार कोण? तूच न्हवं?" तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला सोसलं नाही. त्यानं अंगठा उठवला आणि बांबूची नळी टेबलावर ठेवली. "हा परवाना काढून टाक. ह्या पायानं राखणीला कोण जातंय? बंदूक बी सरकारलाच ठेवा."

मी त्याचं नाव तांबड्या शाईनं खोडलं. त्याच आठवड्यात साहेबांना विनंती करून मी दुसरं काम मागून घेतलं.

त्या वर्षीच्या दिवाळीला गावी गेलो. रान शेजाऱ्याला वाट्यानं दिलेलं होतं. अण्णा ओसरीवर दोर वळत बसला होता. वहिनींनी वाढलं, माझ्या मुलांची चौकशी केली, आग्रह केला. कचेरीचं मात्र कुणी काही विचारलं नाही, आणि मीही काढलं नाही.