मेलेल्यांतून उठलेला उल्दो

माझा मेहुणा उल्दो एकदा मेला आणि बिशप वोल्फहेरनं त्याला उठवलं, असं वैना नदीच्या दोन्ही काठांना सांगतात. दगडी देवळातले पाद्री तर डोळे मिटून सांगतात. पण त्याच्या बायकोचा भाऊ मी आहे, मला विचारा. हा माणूस कधी मेलाही नव्हता आणि कधी कुणाच्या उपयोगीही पडला नव्हता.

बिशप समुद्रापलीकडून यायचा, अख्ख्या गावाला नदीत बुचकळून आपल्या देवाचं करायचा आणि जहाजात बसून परत जायचा. जहाज वळणाआड गेलं की गाव पुन्हा नदीत उतरायचं आणि त्याचं पाणी घासून धुऊन टाकायचं. म्हणून त्या खेपेला तो चमत्कार करायच्या तयारीनंच आला. आधी म्हणे त्यानं आमची विहीर गोड केली. माझ्या आजानं खणल्यापासून ती गोडच होती, पण पाहुण्याच्या तोंडाला कोण लागणार?

त्याच दिवसांत उल्दो मधाची दारू ढोसून स्वतःच्या दारात उताणा पडला होता. त्याला ओलांडून बादली नेताना माझी बहीण लेम्मे करवादली, "मेला माझा मेला! सकाळपासून नुसता मुडदा पडलाय. कुणीतरी उठवा रे ह्याला!"

नेमका बिशप समोरून चालला होता. त्याचा दुभाषा आमची भाषा शिकला होता, पण बायकोच्या तोंडून नव्हे, ब्रह्मचारी बिचारा. नवऱ्याला मेला म्हणायला नवरा मरावा लागत नाही, हे त्याला कुठून कळणार? त्यानं शब्दाला शब्द ठेवला : बाईचा नवरा सकाळी वारला, त्याला उठवा म्हणतेय. बिशप तिथंच गुडघ्यांवर बसला, खूप वेळ पुटपुटला आणि त्यानं गार पाण्याचा लोटा उल्दोच्या तोंडावर रिता केला. उल्दो शिंकला आणि उठून बसला.

"अहो, प्यायलाय तो!" लेम्मे ओरडत होती. पण तोवर पाद्र्यांनी गाणं सुरू केलं होतं. मी हसलो, तेव्हा बिशपच्या एका शिपायानं भाल्याचा दांडा माझ्या बरगडीत घातला.

तेव्हापासून उल्दोची चंगळ झाली. अंगात पांढरा सदरा घालून तो बिशपच्या मागं गावोगाव फिरायचा आणि परलोकात काय पाहिलं ते सांगायचा. जिथं डुकराचं मटण मिळे तिथं स्वर्गात डुकरं असायची, जिथं मासे मिळत तिथं तळी. घरी मात्र तो फिरकला नाही. लेम्मे आणि पोरगी विर्वे जवसाच्या शेतात राबत राहिल्या.

मग विर्वेला ताप आला. पोरगी तव्यासारखी तापली. आमच्या जुन्या देवांच्या राईत राहणाऱ्या म्हातारीचा वाळुंजाच्या सालीचा काढा असा ताप उतरवायचा. निम्मं गाव त्याच्यावर जगलेलं. पण रीत अशी की पोराच्या बापानं काळं कोंबडं घेऊन तिच्या दारी जायचं. आई चालत नाही, मामा चालत नाही. तरी मी गेलो. म्हातारीनं दार लावून घेतलं. आणि बिशपनं तर राईकडं बघायचीच बंदी केलेली. तसाच कोंबडं बगलेत मारून मी दगडी देवळात गेलो.

"उल्दो, चल. विर्वे फणफणलीय. म्हातारीकडं तूच जायला पाहिजेस."

"पाव्हणं, हळू बोला की. मी राईत गेलो तर बिशप काय म्हणंल?"

"बिशपची लेक हाय का ती?"

तेवढ्यात दुभाषा आत आला. उल्दोनं सदरा सारखा केला आणि गावोगाव सांगायच्या आवाजात म्हणाला, "मी मेलेला माणूस हाय, पाव्हणं. मेलेल्याला कसली लेक?"

मी त्याच्या पायाजवळ थुंकलो आणि निघालो.

संध्याकाळी बिशप स्वतःच त्याला घेऊन आमच्याकडं आला. उल्दोचा हात पोरीच्या कपाळावर ठेवला की पुरे, असं त्या भल्या माणसाला मनापासून वाटत होतं. लबाडापेक्षा असला भोळा फार वाईट. विर्वेनं बापाचा सदरा मुठीत धरला. "बाबा, म्हातारीकडं जा ना," ती म्हणाली. उल्दोनं बिशपकडं पाहिलं आणि तिची मूठ हळूच सोडवली.

पहाटे ती गेली. देवाला ती हवी होती, असं बिशपनं सांगितलं. बापाला नको होती, एवढंच मला कळलं.

आमच्यात पहिली मूठ माती बापानं घालायची. उल्दो पांढऱ्या सदऱ्यात रडत पुढं आला. ते रडणं खरं होतं, त्याचीच मला जास्त किळस आली. तो मातीला वाकला तशी लेम्मेनं त्याचं मनगट धरलं.

"हिचा बाप मागंच मेला," ती म्हणाली. "दादा, माती तू घाल."

बिशपनं दुभाष्याला विचारलं, बाई काय म्हणतेय. दुभाषा खाली बघत उभा राहिला. मी माती घातली.