कुडव्याच्या निंबावरचा शेवटचा ठोका

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला ओळखणाऱ्यांना हे वाचून हसू येईल, कारण सकाळी माझ्या पोटात पडलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत टिकत नाही, असं ते म्हणतात. खोटं नाही ते. गोंदियापासून नवेगाव बांधपर्यंत लाकूड चिरायच्या ज्या ज्या आरामशीनवर मी बसलो, तिथे तिथे माझे किस्से फिरतात. अस्वलाच्या भीतीने झाडावर चढलो आणि वर मधमाश्यांचं पोळं निघालं, तो. सासऱ्याच्या अंगणातला आंबा त्यांच्याच नव्या संडासावर पाडला, तो. त्या सगळ्या किश्श्यांत मी मूर्ख असतो. लोकांना ते आवडतं, मलाही आवडतं. या एका किश्श्यात मात्र मी मूर्ख नाही — म्हणून सात वर्षं तो गिळून बसलो आहे.

कुठून सुरू करू? झाडापासून करतो. झाडांबद्दल बोलणं मला सोपं जातं.

आम्ही तिघं होतो. जंगलातली नाही, वस्तीतली झाडं कापायची कामं घ्यायचो — घरावर झुकलेली, विजेच्या तारांत घुसलेली. असं झाड बुंध्यातून कापून आडवं करता येत नाही. कुणीतरी वर चढून एकेक फांदी कापायची, दोराने खाली सोडायची. भाऊलाल खाली दोर धरायचा. शालिक वर चढायचा. आणि मी — मी ठोकणारा.

आमच्यात एक रीत होती. शालिकच्या आधी मी वर जायचो आणि कुऱ्हाडीच्या पाठीने प्रत्येक जाड फांदी ठोकायचो. भरीव लाकूड टणक बोलतं. आतून कुजलेलं लाकूड ढप्प बोलतं, ओल्या पोत्यावर हात मारल्यासारखं. शालिक कमरेला दोर बांधायचा, त्याचं दुसरं टोक कुठल्या फांदीला बांधायचं ते मी ठरवायचो आणि खाली उतरायचो. चढणाऱ्याने स्वतः ठोकायचं नाही, हा नियम. भ्यालेल्याला सगळं झाड पोकळ ऐकू येतं, आणि ज्याला जेवायला घरी जायची घाई असते त्याला सगळं भरीव. म्हणून कान दुसऱ्याचा. एकदा मी ‘भरीव’ म्हटलं की शालिक पुन्हा विचारायचा नाही. पायाखालची फांदी मोडली तरी वरचा दोर माणसाला धरतो — तेवढ्यावर तो आयुष्य काढत होता. दोरावर आणि माझ्या कानावर.

मला सगळे डाक्टर म्हणायचे. मीही तसाच वागायचो, काय लपवायचं? फांदीला कान लावायचो, मान हलवायचो, ‘लंबा सांस लो’ म्हणायचो. खाली पोरंबाळं, बायका जमायच्या. माणसं जमली की माझ्या अंगात यायचं.

गोंदियाजवळच्या कुडवा गावातल्या त्या कामाला सकाळपासून मजा होती. घरमालकाने नवा स्लॅब टाकला होता आणि निंब त्यावर झुकला होता. चढण्याआधी चहा झाला. चहाच्या वेळी आमच्या त्याच त्या गप्पा — बुंध्याशी मुंगळ्यांनी भुसा काढला असेल तर आधी तिथे पाहावं, दोर ओला झाला तर त्या दिवशी झाड सोडून द्यावं, जांभळीच्या फांदीवर कधी विश्वास टाकू नये.

‘‘जांभूळ आन् याची जबान, दोन्ही एकच,’’ भाऊलालने माझ्याकडे बोट केलं.

‘‘राहू दे गा,’’ शालिक म्हणाला, ‘‘जबान खोटी असन, कान खरा हाय त्याचा.’’

हे वाक्य त्याने खरंच म्हटलं होतं. मी नंतर जोडलेलं नाही. जोडण्याची मला सवय आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मी चढलो. शेजारच्या गच्चीवर सात-आठ बायका वाळवण सोडून पाहत होत्या. मी कुऱ्हाडीचा दांडा फोनसारखा कानाला लावला, निंबाशी बोललो, त्याला पथ्य सांगितलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाकीच्या फांद्या मी नीट ठोकल्या — नीटच ठोकल्या. दोर बांधायची फांदी सगळ्यांत वरची, मांडीएवढी जाड, दिसायला झकास. तिला दोनदा ठोकलं, आवाज चांगला आला. मी दोन्ही हात पसरून जाहीर केलं, ‘‘लोखंड हाय, लोखंड.’’

खालून शालिकने विचारलं, ‘‘काय म्हणते पेशंट?’’

‘‘तुया लग्नापरस मजबूत हाय.’’

गच्ची हसली. शालिक हसला. आणि त्या हसण्यावर ताल धरल्यासारखा मी आणखी एक ठोका दिला, जरा बाजूला, नुसता ऐटीचा — आणि तो ढप्प बोलला.

आता तुम्ही म्हणाल, गोंधळ होता, ऐकू आलं नसेल. सात वर्षं मी स्वतःला हेच म्हणत आलो. ऐकू आलं. माझ्या हाताच्या हाडापर्यंत आलं. दोन वीत खाली दुसरी फांदी होती, दोर तिला बांधता आला असता. नुसतं ‘थांब गा’ म्हणायचं होतं. मग लोखंड म्हणून ओरडलेला डाक्टर सगळ्यांसमोर खोटा पडला असता, आणि भाऊलालने तो किस्सा वर्षभर पुरवला असता. इतक्याशा गोष्टीसाठी? हो. इतक्याशाच. मी उतरलो. उतरताना गच्चीकडे पाहून नमस्कारही केला.

शालिक वर गेला, मी दाखवलेल्या फांदीला त्याने दोर बांधला. तासाभराने त्याच्या पायाखालची फांदी कडाडली. तो दोरावर लोंबकळला — क्षणभर. मग वरची फांदी बुडातून निखळली आणि दोर, फांदी, शालिक सगळं पानोळ्यासकट खाली आलं. आधी घराच्या भिंतीवर आदळलं, मग जमिनीवर.

सगळे शालिककडे धावले. मी लाकडाकडे धावलो.

हे लिहून ठेवलं, आता ते मागे घेता येणार नाही. तिथे मी काय केलं ते सांगतो, पण आधी नंतरचं सांगू द्या.

नंतर मी ओरडलो — गाठ सुटली, शालिकची गाठ सुटली. पानांच्या गर्दीत वर नेमकं काय मोडलं ते कुणालाच दिसलं नव्हतं. पायाखालची फांदी तर मोडतेच, दोराने धरायला हवं होतं. आणि दोर शालिकचा, गाठ शालिकची. सगळ्यांनी मानलं. त्याला दवाखान्यात पाठवून मी निंबावर चढलो आणि ती फांदी जिथून निखळली होती ती कुजकी खोबण आधी छाटून टाकली. दोस्ताचं काम अर्धवट राहू दिलं नाही, म्हणून घरमालकाने माझी पाठ थोपटली.

शालिकचा खुबा नीट जुळला नाही. तो आता गोंदियात एका सुताराच्या दुकानात खुर्चीवर बसून करवतींना कानसेने धार लावतो. त्याच्यासारखी धार जिल्ह्यात कुणाची नाही, पण झाडाकडे तो मान वर करून पाहत नाही. त्याची बायको, वनिता वहिनी, राइस मिलमध्ये जाते. ती त्याला कधी टाकून बोलली नव्हती, पण एकदा माझ्यासमोरच म्हणाली, ‘‘बकरी बांधता येते तुमाले, सोताले नाई बांधता आलं.’’ तो खाली पाहून करवत घासत राहिला. मी चहा पीत राहिलो. चहा गोड होता, एवढं आठवतं.

आणि धार लावायला येणाऱ्या प्रत्येक झाडकाप्याला तो सांगतो, ‘‘गाठ मारली का दुसऱ्याले ओढून पाहाले सांग. मी नाई सांगलं, माई गत पाह्य.’’ आता या भागातले झाडकापे खरंच एकमेकांच्या गाठी ओढून पाहतात. चांगली सवय आहे. कुणाचा जीवही वाचला असेल. मी त्याला ठोकण्याबद्दल कुणाला सांगताना कधी ऐकलं नाही. त्याच्या हिशेबी ठोकणं बरोबर होतं.

मागच्या महिन्यात मी दुकानात गेलो. सुतार बाहेर गेला होता. शालिकने स्टुलाच्या पायाला दोर गुंडाळून तीच गाठ मारली होती, कमरेचा दोर फांदीला बांधायची.

‘‘ओढ गा डाक्टर,’’ म्हणाला, ‘‘जोर लावून ओढ.’’

मी ओढली. स्टूल सरकलं, गाठ हलली नाही. त्याने सोडली, पुन्हा मारली, पुन्हा म्हणाला ओढ. पाच वेळा. पाचही वेळा ती लाकडाला चावून बसली. त्याचे हात इतके सराईत चालत होते की त्याला पाहावंही लागत नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता.

‘‘मंग त्या दिवशी काऊन सुटली?’’

आवाजात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं. धार का उतरते असं विचारावं तसं त्याने विचारलं. सात वर्षं तो हेच शोधत बसला आहे, हे मला तेव्हा कळलं — मी घरी जाऊन नातेवाइकांना हसवत होतो तेव्हा, मी लग्नांत माइक हातात घेत होतो तेव्हा.

मी म्हणालो, ‘‘घाम असन हाताले. ऊन होतं.’’

त्याने स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. ‘‘हां,’’ म्हणाला, ‘‘घामच असन,’’ आणि त्याचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथे उभं राहवेना. त्याने तळवा पँटीवर पुसला.

तर, लाकडाजवळ मी काय केलं.

फांदीचा तुकडा पानोळ्याखाली पडला होता, आतून ढोलासारखा रिकामा, काळा भुसा गळत असलेला. त्याच्याभोवती दोर तसाच होता, शालिकने मारलेल्या गाठीसकट. दुसरं टोक त्याच्या कमरेला होतं, त्यामुळे तो कण्हायचा तेव्हा दोर माझ्या हातात हलायचा. मी पाठमोरा बसलो आणि गाठ सोडायला लागलो. ती सुटत नव्हती. त्याचं सगळं वजन तिने घेतलं होतं, ती आवळून दगड झाली होती. मी नखं लावली, मग दात लावले. बराच वेळ लागला.