विटाळ कशाचा?

नांदेडच्या डॉक्टरांनी हातमोजा काढला आणि म्हणाले, "अप्पा, ही मूळव्याध नाही. रेक्टममध्ये गाठ आहे. मला कॅन्सरचा संशय आहे." रेक्टम म्हणजे मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक. "इतके महिने रक्त जातंय, अन् कुणीच बोट घालून तपासलं नाही?"

तपासणार कोण? मीच कुणाला हात लावू दिला नव्हता.

दुष्काळाचं साल होतं ते. लातूर नुकताच जिल्हा झालेला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या अन् नळाला पाणी न्हाई. टँकर येईल तेव्हा दोन घागरी. मी पाणी कमी प्यायचो आणि रक्त पडलं की म्हणायचो, उष्णता हाय. सब्जा झाला, गुलकंद झाला, कुणी सांगितलेल्या पुड्या झाल्या. कापडाच्या दुकानात उशी घेऊन बसायचो. असला शहाणा मी!

डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला होतं?"

"न्हाई. वडील रक्ती मूळव्याधीनं गेले."

"त्यांना तरी तपासलं होतं का?"

"न्हाई."

मग बायोप्सी झाली. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत बाकड्यावर बसून मी लई देव आठवले. कॅन्सरच निघाला. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करू. पण कोलोस्टॉमी करावी लागेल, कायमची." म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढायचं आणि तिथं पिशवी लावायची.

मी उठलोच. आम्ही लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, रोज ते तळहातावर घेऊन पूजा. पोटाला घाण बांधून पूजा कशी करू? सरळ सांगितलं, मेलो तरी चालेल, ऑपरेशन नको. आणि लातूरला परत आलो.

पाचव्या दिवशी आई माझ्यासमोर येऊन बसली.

"आपल्यात बाळंतिणीचा विटाळ हाय का रे? मयताचं सुतक पाळतो का आपण?"

"न्हाई."

"मग तुझ्याच पोटाचा विटाळ कुठनं काढलास? तुझ्या बापानंबी लाजंपायी कुणाला दाखवलं न्हाई. रोज त्याची धोतरं मी धुतली, मला ठावं हाय ते रक्त. लिंग देहावर बांधतात, अप्पा. देहच गेला तर कुठं बांधशील?"

मी रडलो. दुसऱ्याच दिवशी नांदेडची गाडी धरली.

ऑपरेशनच्या वेळी लिंग दंडाला बांधू दिलं, डॉक्टरांचे उपकार. शेजारच्या खाटेवरचे मास्तर माझ्यासारखेच उशिरा आलेले. ते घरी गेले न्हाईत.

त्या उन्हाळ्यात घरात प्यायला पाणी नव्हतं, तरी पिशवी धुवायला एक तांब्या आई रोज बाजूला काढून ठेवायची. पिशवी धुवायची, हात धुवायचे, मग पूजा. आई आता नाही. तांब्या तोच हाय.

तुमचं रक्त जात असेल तर उष्णता म्हणू नका. लाज वाटत असेल तर दुकानात या, सदरा वर करून दाखवतो. परवा धाकट्या भावाला असंच दाखवलं. तो हळूच म्हणाला, "दादा, मलाबी जातंय."

शटर ओढलं, आणि त्याला घेऊन निघालो.