टिकली लावलेलं बटण

आमच्या मायक्रोवेव्हच्या छोट्या काचेत एस आणि ई ही दोन अक्षरं उमटली, त्याला आता महिने लोटले. तरी आठवलं की माझं डोकं अजून तापतं. त्या आठ दिवसांत मी कंपनीवर चिडले, हेल्पलाइनवर चिडले, माहितीपुस्तकावर चिडले. नवऱ्यावर चिडायला तर मला निमित्तही लागत नाही.

"एक मायक्रोवेव्ह बंद पडला तर केवढा थयथयाट," असं तो म्हणाला होता. त्याचं काय जातंय म्हणायला! तो दूध संघात नोकरीला, दुपारचं गरम जेवण त्याला तिथंच मिळतं. मी इथल्याच, संगमनेरच्या एका कॉलेजात शिकवते, डबा स्टाफरूममध्ये खाते. दुपारी घरी एकट्या असतात त्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्या पाथर्डीकडच्या. तरुणपणी दर हंगामाला ऊस तोडायला जायच्या. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी, दारात तीन दगडांची चूल, आणि पहाटे उठून दिवसभराच्या भाकरी थापायच्या. असल्या बाईच्या हाताला चार वर्षांपूर्वी कंप सुटला. एकदा पदर शेगडीवर गेला, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून मी घराबाहेर पडताना सिलेंडरचा रेग्युलेटर बंद करून जाते. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुपारचं गार कालवण ताटात तसंच राहायला लागलं. कालवण कढत नसेल तर त्यांना घास उतरत नाही.

म्हणून मायक्रोवेव्ह आला. आत्यांना वाचता येत नाही, तेव्हा अर्ध्या मिनिटाच्या बटणावर मी माझी लाल टिकली चिकटवली. दोनदा दाबायचं, टुंग वाजलं की काढायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला कॉलेजात फोन केला. वर्ग चालू होता, तरी मी घेतला. "वाफ निघतीया बघ," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. त्या दिवसापासून भांडं कोणतं, किती वेळ, काय गरम करायचं, सगळं त्यांचं त्या बघायच्या. शेजारणीला बोलावून कालवण गरम करून दाखवायच्या. मला फार बरं वाटायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आत्यांचा ऊसतोडीचा जुना कोयता पाटावर मांडतात, मग स्कूटर, मिक्सर, माझा लॅपटॉप. यंदा मी म्हटलं, मायक्रोवेव्हही हवाच, आता तेच आत्यांचं हत्यार. स्वयंपाकघरात मी पूजा करत होते आणि आत्या दाराशी उभ्या राहून झेंडूची फुलं देत होत्या. सासरे गेल्यापासून त्या कुंकवाच्या करंड्याला हात लावत नाहीत. दरवर्षी मी त्यांना पुढं ओढते, दरवर्षी त्या मागं सरतात, आणि दरवर्षी मी रागावते. यंदाही रागावून झालं.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी साडेतीनला घरी आले तर आत्या खुर्चीत अवघडून बसलेल्या. ताट झाकलेलं. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह थांबून थांबून पिपाणीसारखा वाजत होता आणि काचेत ती दोन अक्षरं.

"म्या काय केलं न्हाई गं," मी चप्पल काढायच्या आतच त्या म्हणाल्या. "टिकलीच दाबली. दुसरं कशाला हात लावला न्हाई."

"बरं बरं," मी म्हटलं, "पण आठवा बरं नीट, नक्की काय दाबलं होतं?"

मी प्लग काढला, दहा मिनिटांनी परत लावला. पुन्हा तेच. माहितीपुस्तक काढलं. त्यात चिकन कसं भाजावं, केक कसा फुगवावा याची चकचकीत रंगीत पानं, आणि बिघाडाच्या भागात एकच ओळ: बटण अडकले आहे, सेवा केंद्राशी संपर्क साधावा. बटण का अडकतं, अडकलेलं कसं सोडवावं, यावर अवाक्षर नाही.

मग हेल्पलाइन. माझा कॉल त्यांच्यासाठी किती महत्त्वाचा आहे ते वीस मिनिटं गाण्यासकट ऐकलं. शेवटी एक माणूस फोनवर आला, तो हिंदीत. त्याने मलाच विचारलं की पहिलं अक्षर एस आहे की पाचचा आकडा आहे. अरे बाबा, तुमच्याच काचेत दोन्ही सारखे दिसतात, मी काय सांगू? मी सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं तर मध्येच तोडून म्हणाला, "घर में कोई बुजुर्ग इस्तेमाल करते हैं क्या?"

मला इतका संताप आला. म्हणजे म्हातारं माणूस असलं की बिघाड त्यानेच केला असणार! मी त्याला चांगलं सुनावलं. पण सुनावण्याआधी "हो" म्हणून बसले होते. आत्या तिथंच बसल्या होत्या. हिंदी त्यांना कळते.

दुरुस्तीचा माणूस नाशिकहून येणार होता. आला नाही. चौथ्या दिवशी मोबाईलवर मेसेज आला की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे. मी पुन्हा फोन केला, पुन्हा गाणं, पुन्हा पहिल्यापासून सगळं. रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं, "चार दिवस मी एकच गोष्ट सांगतेय, कोणी ऐकूनच घेत नाही. मला खोटं पाडतात ते."

"आईनं दाबलं असेल काहीतरी," तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "सोड ना."

त्याच्यावर मी तडकले. आईसमोर असं बोलतात का? पण तडकताना मनात तेच होतं, खोटं कशाला सांगू. हात थरथरतो, दोन बटणं एकदम दाबली गेली असतील, असं मी केव्हाच धरून चालले होते. फक्त मी ते तोंडाने म्हणत नव्हते, आणि तेवढ्यावर स्वतःला शहाणी समजत होते.

आत्यांनी त्या आठवड्यात हळूहळू सगळ्याला हात लावणं सोडलं. आधी टीव्हीचा रिमोट, मग पंख्याचं बटण. उकाड्यात तशाच बसून राहायच्या. दुपारी जेवायच्या नाहीत. "तू आल्यावर खाते. भूक न्हाई," म्हणायच्या. मी साडेतीनला येऊन गॅसवर कालवण गरम करून द्यायचे आणि त्या मान खाली घालून जेवायच्या. मला त्याचाही राग आला. तोही मी कंपनीवरच काढला.

अखेर रविवारी मी गावातलाच मेकॅनिक बोलावला, मिक्सर-कूलर दुरुस्त करणारा. त्याने प्लग काढला, पुढची बटणांची पट्टी सोडवली आणि उलटी करून माझ्यापुढं धरली.

"हे बघा मॅडम. बटन आतच बसलंय, वर येतच न्हाई. मशीनला वाटतंय कोन तरी दाबूनच धरलंय. म्हनून ते वरडतंय."

टिकलीच्या बटणाभोवतीच्या फटीत पिवळा-लाल चिखल वाळून घट्ट बसला होता. त्याने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो खरवडला. टिकलीही त्यातच निघाली.

"हळद-कुकू हाय. पानी घालून लावलेलं आत उतरलंय. दसरा झाला की अशी मशीनं येत्यातच आमच्याकडं." मग तो आत्यांकडं वळून समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, पूजा करा, पन बटनावर नका करत जाऊ."

नवऱ्याने हातातला पेपर खाली ठेवला. आत्यांच्या मोकळ्या कपाळाकडं मी बघितलं, आणि त्यांनी लगेच पदर पुढं ओढला. वीस वर्षं करंड्याला बोट न लावलेली बाई त्या परक्या माणसापुढं माझा गुन्हा मुकाट्याने पदरात घेत होती.

"त्यांनी नाही," मी म्हणाले. "मी लावलं. त्या कुंकू लावत नाहीत."

पूजेचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. नंतर काढून पाहिला. त्या बटणावर माझ्या हातचं ओलं, ठसठशीत स्वस्तिक. टिकली होती म्हणून मला तीच जागा शोभून दिसली असणार.

मेकॅनिक गेला. मी नवी टिकली लावली, पाण्याची वाटी ठेवून दोनदा दाबून दाखवलं. सोमवारी साडेतीनला आले तर ताट झाकलेलं. मंगळवारी तसंच. बुधवारी मात्र माझा तोल सुटला.

"अहो आत्या, आता तर मशीन चांगलं चालतंय! तुमची काही चूक नव्हती, मीच केलं होतं, सांगितलं ना मी? मग विश्वास का नाही ठेवत माझ्या सांगण्यावर?"

त्यांनी ताटावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. हात थरथरत होता. आवाज नव्हता थरथरत.

"म्या बी सांगितलं हुतं की गं," त्या म्हणाल्या. "पैल्याच दिशी."